तो वळेल

आमच्या घरमालकांना विमान चालवता येत होतं, हे मी कधीच नाकारलं नाही. परवाना होता, चामड्याची टोपी होती, गॉगल होता. ते विमान वर न्यायचे आणि बहुतेक वेळा धड खालीही आणायचे. त्यांना येत नव्हती ती एकच गोष्ट, बाजूला होणं. ती त्यांना जमिनीवरही येत नव्हती.

लोणावळ्यात त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. म्हणत म्हणजे, त्यांनी म्हणायला लावलं होतं. ते कुठल्याही सैन्यात नव्हते. लढाईच्या दिवसांत मुंबईला हवाई हल्ल्याच्या धास्तीने घराघरांतले दिवे मालवायला लावणारे स्वयंसेवक असत, त्यांच्यात ते होते. हातात शिट्टी होती. त्या शिट्टीतून ही कॅप्टनकी निघाली. वडिलांनी रेल्वेला खडी पुरवून तुंगार्लीच्या रस्त्याला बंगला बांधला होता. चिरंजीवांनी त्या बंगल्यात राहणं एवढाच उद्योग केला, पण तो मात्र कामावर गेल्यासारखा केला. सकाळी दाढी, बूट, टाय, आणि मग दिवसभर व्हरांड्यात.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सिंधहून आलेल्या लोकांमुळे कुठेच जागा मिळत नव्हती आणि आईचे गुडघे गेलेले, तिला जिना चालत नव्हता. अशात या बंगल्यामागच्या तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या म्हणून मी देवाचे आभार मानले. देवाने ते स्वीकारायला नको होते.

बंगल्याच्या गच्चीवर एक बांबू होता आणि त्याला कापडाची लांब पिशवी बांधलेली होती, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. ती मालकीणबाईंच्या जुन्या परकराची होती आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. रोज सकाळी कॅप्टनसाहेब गच्चीवर जाऊन मोठ्याने सांगत, "पूर्वेकडून! मंद!" ते कुणाला सांगत होते, देव जाणे. आई अंगणात लुगडं वाळत घालत असली तर वरून सूचना येई, "मावशी, वाऱ्याला आडवं घाला, उभं नको." आई मुद्दाम उभं घालायची. लुगडं वाळायचं.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "वळतो तो चुकलेला असतो." ते त्यांनी कुठून आणलं मला माहीत नाही, पण आयुष्य त्याच्यावर काढलं. बाजारात समोरून हमाल पोतं घेऊन आला तरी हे सरळ. स्टेशनच्या पुलावर गाडीतून उतरलेली सगळी गर्दी खाली येत असताना हे एकटे वर, आणि मधोमध. एकदा खंडाळ्याच्या घाटात, रस्ता दुरुस्तीमुळे एकच गाडी जाईल अशा जागी, त्यांच्या मोटारीसमोर भाजीचा ट्रक आला. ट्रक चढावर, भरलेला. मागे घ्यायचं असेल तर मोटारच घ्यायला हवी होती, हे लहान मुलालाही कळलं असतं. यांनी इंजिन बंद केलं, वर्तमानपत्र उघडलं आणि वाचत बसले. मागे पार राजमाचीच्या वळणापर्यंत गाड्या तुंबल्या. शेवटी ट्रकवाल्याने चाकांमागे दगड लावत लावत भरलेला ट्रक उतारावर मागे घेतला. एक पोतं फुटून टोमॅटो दरीत गेले. घरी येऊन हे म्हणाले, "पाहिलंत? वळला."

मालकीणबाई मोटारीत होत्या. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. बारीक, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वळला नाही. त्याला भाजी पोचवायची होती."

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा कॅप्टनसाहेबांना शाळेत विमानविद्येवर बोलायला बोलावलं. ते टोपी-गॉगलसकट आले. तासभर स्वतःबद्दल बोलले. शेवटी शंका विचारा म्हणाले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "समोरून दुसरं विमान आलं तर?"

"तो वळेल," हे म्हणाले.

"आणि त्यालाही तसंच वाटलं तर?"

यावर त्यांनी विचारलं, "कुणाची मुलगी?"

पुढे मी त्यांना हीच शंका जरा सभ्य शब्दांत विचारली. त्यांनी मला शास्त्र समजावून दिलं. समुद्रात शिडाची होडी आणि आगबोट समोरासमोर आली तर वाट कोण देतं? आगबोट. का? ती मोठी, ती बळकट, तिला वळणं सोपं. "तसंच आकाशात. मी होडी. प्रवासी विमान म्हणजे आगबोट. लहानाचा हक्क आधी, बाई." आयुष्यात कधीही कुठल्या लहानाचा हक्क न मानलेला माणूस हे सांगत होता. बोलताना त्यांनी माझ्या आईच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून प्यायला सुरुवात केली होती.

विमान त्यांनी लढाईनंतर सरकारने मोडीत काढलेल्या मालातून घेतलं होतं. एकावर एक दोन पंख, कापडाचं अंग, वर उघडं, पुढेमागे दोन बैठका. त्याला मॉथ म्हणत. दिसायला गोड होतं, हे मान्य करते. ते ठेवलं होतं वडगावच्या पलीकडे एका माळावर. माळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांच्या म्हशी माळावर चरायच्या आणि कॅप्टनसाहेब आले की त्या हाकलायच्या, असा करार होता. विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करावं लागे. तेही काम आबांकडेच आलं होतं. कॅप्टनसाहेब मागच्या बैठकीतून ओरडत, "कॉन्टॅक्ट!" आबा ओरडत, "कंटाक!" आणि पंखा फिरवून जीव घेऊन बाजूला पळत.

"भीती वाटत नाही का हो आबा?" मी एकदा विचारलं.

"पंख्याची न्हाई वाटत," आबा म्हणाले. "पंखा एका जागी ऱ्हातो. ह्या सायबाची वाटती. ह्यो बैलगाडीलाबी वाट दीत न्हाई."

त्या हिवाळ्यात पुण्याच्या विमानतळावर हौशी वैमानिकांचा मेळावा ठरला होता. कॅप्टनसाहेबांच्या मनात आलं की आपण तिथे एका महिलेला बसवून उतरायचं. छायाचित्र निघेल. त्यांनी आधी वहिनींना सांगितलं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही." का, असं विचारल्यावर परत तेच म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. मग ते मागच्या खोल्यांकडे वळले.

मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. भूगोलाची मास्तरीण होते मी. आयुष्यभर नकाशे काढून घेतले होते आणि त्यातली एकही नदी कधी वरून पाहिली नव्हती. आई म्हणाली, "जा. पण त्याच्या बाजूने काही बोलू नकोस वर गेल्यावर, चेकाळतो तो."

पुढच्या बैठकीत मी बसले, मागे ते. मला एक टोपी दिली. तिच्या कानांपाशी रबरी नळ्या होत्या आणि त्यांतून एकमेकांशी बोलता यायचं. आबांनी पंखा फिरवला, म्हशी पांगल्या, आणि माळ एकदम खाली राहिला.

जे दिसलं त्याबद्दल मी इथे लिहिलं नाही तर तो खोटेपणा होईल. मागे वळून पाहिलं तर लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी बसलेले. तिकोना एकटाच, जरा रुसल्यासारखा. इंद्रायणी एका बाजूला, पवना दुसऱ्या बाजूला, आणि दोघींच्या मधला डोंगराचा कणा. तो मी इतकी वर्षं फळ्यावर सरळ काढत होते. तो सरळ नाही. मध्ये चांगला वाकलेला आहे. थंडीची सकाळ होती, भाताची कापलेली खाचरं उन्हात पिवळी दिसत होती, तळेगावच्या तळ्यावर धूर होता. मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात नळीतून आवाज आला, "वारा पूर्वेकडून! मंद!"

आळंदीच्या वर आलो तसं त्यांनी विमान दक्षिणेला वळवलं. समोर दूर विमानतळाची पट्टी दिसायला लागली. नियम असा होता, हे मला नंतर चौकशीत कळलं, की बिनतारी यंत्र नसलेल्या लहान विमानाने लांब घिरट्या घालत थांबायचं आणि टॉवरवरून हिरवा दिवा दिसला की मगच पट्टीकडे जायचं. आम्ही घिरटी घातली नाही. सरळ निघालो.

उजव्या बाजूला काहीतरी चमकलं. उन्हात पत्रा चमकावा तसं. मग त्याला पंख फुटले. मुंबईहून येणारं प्रवासी विमान होतं ते, डाकोटा, पट्टीकडे उतरत येत होतं. आम्ही त्याच्या वाटेला आडवे चाललो होतो.

मी नळीत म्हटलं, "उजवीकडे विमान आहे."

"दिसलं," ते म्हणाले.

मी थांबले. वाटलं, आता वळतील. समोर टॉवरवर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. थांबून थांबून, पण थेट आमच्याकडे.

"लाल दिवा आहे."

"तो त्याच्यासाठी आहे."

डाकोटा मोठं होत होतं. अशा वेळी ते आवाज करत येईल असं वाटतं, पण आमच्याच इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ते मुकाट्याने मोठं होत जातं. मी ओरडले, "कॅप्टनसाहेब, वळा!"

"तो वळेल."

इतक्या शांतपणे म्हणाले ते. आवाजात जराही थरथर नव्हती. पुष्कळ लोक याला धैर्य म्हणतात. मी पुढच्या बैठकीत होते, मला ते धैर्य वाटलं नाही. घाटात वर्तमानपत्र उघडून बसलेल्या माणसाचा आवाज होता तो.

मला डाकोटाच्या समोरच्या काचा दिसल्या. काचेमागे पांढरा सदरा दिसला. मी हात वर केला. कशासाठी, मला माहीत नाही. हाताने विमान थांबत नाही. मग ते चांदीचं धूड एका अंगावर कललं, त्याचं पोट दिसलं, पोटावरचे तेलाचे ओघळ दिसले, आणि ते आमच्या डोक्यावरून गेलं. गेल्यावर त्याच्या मागची हवा आमच्यावर आली. कुणीतरी गादी झटकावी तसं आमचं विमान झटकलं गेलं. माझं कपाळ समोरच्या कडेवर आपटलं. आकाश खाली गेलं, आळंदीची शेतं वर आली, परत खाली गेली. ते सावरलं त्यांनी, हे मी मान्य करते. सावरायची वेळ आणणाराच सावरायला हजर होता, एवढंच.

नळीतून आवाज आला, "पाहिलंत? वळला."

मेळाव्याला आम्ही गेलो नाही. "आत्ता उतरलो तर लोक उगाच बाऊ करतील," असं म्हणून ते माळावर परत आले. आबा म्हशी वळवत होते. "येवढ्यात आला व्हय?" ते म्हणाले. "मेळावा सपला?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाईंच्या कपाळाला रगात हाय, सायेब." कॅप्टनसाहेब विमानाच्या पंखाचं कापड कुठे फाटलं आहे का ते पाहत होते. मी उतरले आणि गवतात ओकले. आबांच्या म्हातारीने घरातून गूळपाणी आणून दिलं आणि काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कळलं की डाकोटात एक म्हातारी बाई उठून उभी होती, ती खुर्च्यांमधल्या वाटेत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. चहा देणाऱ्या पोराच्या हातावर उकळता चहा सांडला. मी हे कॅप्टनसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "उतरताना उभं राहू नये."

मग त्यांनी आघाडी उघडली. डाकोटाचा वैमानिक प्यालेला होता, तो वाट सोडून आला, मागून धुरकट हवेतून एकाएकी आला, दिसण्याची शक्यताच नव्हती. हे त्यांनी बाजारात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, स्टेशनमास्तरांना सांगितलं, आणि शेवटी सरकारकडे तक्रार म्हणून लेखी पाठवलं. त्या माणसाचा परवाना रद्द करावा अशी मागणी केली. सरकारने चौकशी नेमली आणि चौकशी संपेपर्यंत त्या वैमानिकाला घरी बसवलं.

तो एका रविवारी लोणावळ्याला आला. बंगल्यात न जाता थेट मागे आमच्याकडे आला. नागपूरकडचा, तरुण, लढाईत ब्रह्मदेशाकडे सामान नेणारी विमानं चालवलेला. दारात उभा राहून म्हणाला, "तुम्हीच न त्या? कपाळावर लागलेलं दिसतंय." आईने त्याला बसायला पाट दिला. तो पाटावर अवघडून बसला.

"मी तुमचा चेहरा पाहिला होता, बाई," तो म्हणाला. "तुम्ही हात वर केला होता. मला आधी वाटलं, तुम्ही मजेने हात हलवून राहिल्या. लई राग आला होता मला." मग तो थोडा हसला. हसणं लगेच संपलं. "माझ्या बाजूने बोला असं म्हणायला नाही आलो. जे पाहिलं ते सांगा. माझ्यामागे एवढी माणसं बसली होती आणि मी दारू पिऊन होतो असं ते लिहितात. परवाना गेला तर मला दुसरं काही येत नाही."

तो गेल्यावर कॅप्टनसाहेब आले. त्यांनी त्याला फाटकातून जाताना पाहिलं असावं. ते आमच्या ट्रंकेवर बसले. आम्ही बसा म्हटलं नव्हतं.

"बाई, साक्षीत फार काही सांगायची गरज नाही. तुम्ही डोळे मिटले होते, एवढं म्हणा. बाईमाणूस आहात, कुणी दोष देणार नाही."

"माझे डोळे उघडे होते."

"मग आता मिटा की."

ते उठले, खोलीभर नजर फिरवली, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत. या खोल्या लागतील बहुधा. अजून नक्की नाही." आणि गेले.

मी आईकडे पाहिलं. लोणावळ्यात तळमजल्याची दुसरी जागा नव्हती, हे दोघींना माहीत होतं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुला सांगायचं ते सांग. गुडघे माझे आहेत, जीभ तुझी आहे."

चौकशी विमानतळावरच्या एका खोलीत झाली. अधिकारी उंच, किडकिडीत, सर्दी झालेले. सारखा रुमाल नाकाला. बाजूला एक टंकलेखक. एका भिंतीला नागपूरचा वैमानिक, समोरच्या भिंतीला कॅप्टनसाहेब, नवीन टाय लावून.

"तुम्ही डाकोटा पाहिलं होतं?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"हो. बरंच आधी."

"तुमच्या वैमानिकाला सांगितलंत?"

"सांगितलं. ते 'दिसलं' म्हणाले. मी 'वळा' म्हटलं, तर 'तो वळेल' म्हणाले."

"टॉवरवरचा लाल दिवा?"

"तोही सांगितला. ते म्हणाले, तो त्याच्यासाठी आहे."

टंकलेखकाने ते लिहून घेतलं. कॅप्टनसाहेब हसत होते, लहान मुलाचं बोलणं ऐकल्यासारखे. अधिकारी त्यांच्याकडे वळले. अधिकारी वाईट नव्हते. मला वाटतं, एका प्रतिष्ठित गृहस्थाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते म्हणाले, "वाऱ्याच्या आवाजात नळीतून नीट ऐकू येत नाही. बाईंचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. सकाळचं ऊन, धुरकट हवा. तुम्ही लिहिलंच आहे की विमान तुम्हाला दिसलं नाही. तसं होतं कधीकधी. चांगल्या वैमानिकांचंही होतं."

एवढं दार उघडून दिलं होतं. 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं. मग माझा शब्द आणि त्यांचा शब्द, आणि त्या नागपूरच्या मुलाचं काय झालं असतं सांगता येत नाही. मी त्या मुलाकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

पण कॅप्टनसाहेबांचं हसणं गेलं होतं. मान ताठ झाली होती.

"मला दिसलं नाही?" ते म्हणाले.

"म्हणजे, तसं तुमच्या लेखी..."

"साहेब, माझी नजर अजून शाबूत आहे. या बाईंच्या आधी दिसलं मला. चिंचवडवर होतं तेव्हापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो."

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. "आणि लाल दिवा?"

"तो न दिसायला मी काय आंधळा आहे?"

"मग तुम्ही वळला का नाहीत?"

"मी का वळू?" आणि मग ते होडी आणि आगबोटीवर आले. हात पसरून, उभं राहून, शाळेत बोलले होते तसे. अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो नियम इंजिन नसलेल्यांसाठी आहे," ते म्हणाले. "बलून, ग्लायडर. तुमच्या विमानाला इंजिन आहे ना?"

"आहे म्हणजे!" कॅप्टनसाहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "उत्तम आहे!"

टंकलेखकाने तेही लिहून घेतलं.

त्यांचा परवाना रद्द झाला. नागपूरचा मुलगा परत कामावर रुजू झाला आणि त्याने आईसाठी संत्र्यांची करंडी पाठवली. कॅप्टनसाहेब मागच्या दारी आले, करंडीत डोकावले, म्हणाले, "नागपूरची दिसतात," आणि दोन घेऊन गेले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही राग नव्हता. राग येण्यासाठी आपण हरलो हे कळावं लागतं. त्यांच्या मते चौकशीत सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं की त्यांची नजर तीक्ष्ण आहे.

उन्हाळ्यात पाहुणे मात्र आले नाहीत, तरी खोल्या लागल्या. आम्ही तळेगावला गेलो. तिथे एका वखारीमागे जागा मिळाली, तीन पायऱ्या चढून. आई त्या पायऱ्या बसून चढायची. कधी तक्रार केली नाही, त्यामुळे मी जास्त चिडायचे, आणि चिडायला तो माणूस समोर नसायचा.

मॉथ माळावर तसंच पडून राहिलं. त्याला परत वर नेणारं कुणी नव्हतं. आबांनी पंखांचं कापड काढून गोठ्याला लावलं. कॅप्टनसाहेब सांगत राहिले की आकाशात हल्ली फार गर्दी झाली म्हणून आपणच उडणं सोडलं. काही वर्षांनी तेवढ्याने भागेना, तेव्हा गोष्ट बदलली. डाकोटाचा वैमानिक भांबावला होता आणि यांनी जिवाची पर्वा न करता विमान स्थिर ठेवलं म्हणून प्रवासी वाचले. लोकांना ही गोष्ट आवडली. लोणावळ्याजवळ असं काही घडलं होतं, हे सांगायला बरं वाटायचं.

कॅप्टनसाहेब वारले ते साध्या तापाने. वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. वहिनींनी मला निरोप पाठवला, "बाईंना म्हणावं, याच." म्हणून मी गेले. भिंतीवर त्यांचा टोपी-गॉगलमधला फोटो, त्याला हार. एक वकील बोलले, एक डॉक्टर बोलले. "मावळचा पहिला वैमानिक." "त्या प्रसंगी त्यांनी दाखवलेलं धैर्य." मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की मी मागे बसले आहे. "त्या ऐतिहासिक उड्डाणाच्या साक्षीदार आज आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी पुढे गेले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर त्याचा पंचनामाही करायचा नव्हता. मी म्हटलं, "आपलं विमान दुसऱ्या विमानाच्या वाटेत आहे, हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं. शेवटपर्यंत ते वळले नाहीत. हे त्यांनी स्वतः सरकारला सांगितलं. मला एवढंच माहीत आहे."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. पण वाजल्या. आधी वकिलांनी, मग डॉक्टरांनी, मग सगळ्या सभागृहाने. माझ्या शेजारी अध्यक्ष डोळे पुसत होते.

पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी घट्ट धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी आणायला धावलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी समोरच उभी होते, मला त्यांचे डोळे दिसले. त्या हसत होत्या.